जुना लहान ट्रॅक्टर : घरची दुरुस्ती आणि सुरक्षित फेरफार

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव, उमरखेड व पुसद या तालुक्यांत कापूस, तूर आणि सोयाबीन घेणाऱ्या लहान शेतकऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी असते. बैलजोडी वर्षभर पोसणे जड जाते आणि मोठा ट्रॅक्टर त्याच्या शेताच्या मानाने व ऐपतीच्या मानाने फार मोठा पडतो. अशा शेतकऱ्यास १५ ते २० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर उपयोगी पडतो. एका सिलिंडरचा महिंद्र युवराज किंवा तीन सिलिंडरांचा मित्सुबिशी शक्ती ही या वर्गातील परिचित उदाहरणे होत. नवे यंत्र घेणे शक्य नसेल तेव्हा जुने, पडून राहिलेले यंत्र स्वस्तात घेऊन ते गावातच दुरुस्त करावे, त्यास डवरे, वखर किंवा पऱ्हाटी बारीक करण्याचे यंत्र जोडावे, असा विचार पुष्कळ शेतकरी करतात. हा विचार योग्य आहे. मात्र तो अंमलात आणताना कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेणे जरूर आहे.

फुलसावंगीची घटना

आपल्या खेड्यांत यांत्रिक कौशल्याची उणीव नाही. महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथील शेख इस्माईल शेख इब्राहीम हा तरुण याची साक्ष होता. आठवीपर्यंत शिकलेला हा कारागीर पत्र्याचे व वेल्डिंगचे काम करीत असे. मारुती ८०० मोटारीचे एंजिन वापरून त्याने गावातच, स्वतःच्या हातांनी, एका माणसाचे हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये ते जमिनीवरच चालवून पाहत असता मागच्या पंख्याचे पाते तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले. मोठ्या पंख्याचे पाते त्याच्या डोक्यास लागले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय त्या वेळी अवघे २४ वर्षांचे होते.

हेलिकॉप्टर आणि शेतीचा ट्रॅक्टर या निराळ्या वस्तू आहेत. तरीही ज्या भागाने या तरुणाचा जीव घेतला, तसा भाग घरी फेरफार केलेल्या शेतीयंत्रातही असतो. तो म्हणजे वेगाने फिरणारे पाते. म्हणून या घटनेपासून घ्यावयाचा बोध यंत्रे करू नयेत असा नाही. फिरणाऱ्या भागाचा वेग मोजल्याशिवाय, त्यावर झाकण घातल्याशिवाय आणि त्याच्या वाटेतून माणसे दूर केल्याशिवाय यंत्र चालू करू नये, असा तो आहे.

ओढकाम आणि फिरते काम

ट्रॅक्टरकडून आपण दोन प्रकारची कामे घेतो. वखर, डवरे, तिफण किंवा गाडी ओढणे हे ओढकाम होय. कुट्टीयंत्र, मळणीयंत्र, रोटाव्हेटर किंवा पऱ्हाटी कापण्याचे यंत्र चालविणे हे फिरते काम होय.

ओढकामासाठी केलेले फेरफार सामान्यतः कमी धोक्याचे असतात, कारण त्यात वेग थोडा असतो. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया येथील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून त्या जागी दोन चाके व अवजारे जोडण्याची चौकट बसविली. ‘बुलेट सांती’ या नावाने हे साधन प्रसिद्ध झाले आणि बैल नसलेल्या शेतकऱ्यांस कोळपणी व पेरणीच्या कामी आले. येथे एंजिनाचा वेग कमी करून ताकद वाढविली जाते. अवजार अडकले तर चाक घसरते किंवा एंजिन बंद पडते.

फिरत्या कामात असे घडत नाही. पाते तुटले तर ते थांबत नाही, सुटून जाते. यास्तव घरच्या कारागिराने प्रथम ओढकामाचे फेरफार हाती घ्यावेत. फिरते यंत्र शक्य तोवर कारखान्यात तयार झालेले, झाकणासह असलेले घ्यावे.

विकत घेण्यापूर्वीची पाहणी

जुना ट्रॅक्टर घेताना रंगावर जाऊ नये. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. नोंदणीपुस्तकातील एंजिन क्रमांक व चासी क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी जुळतात काय, हे पाहावे.

२. एंजिन व गिअरपेटी जेथे जोडली आहेत तेथे, पुढच्या आसाच्या आधाराजवळ व मागील आसाच्या नळीवर भेग किंवा जुने वेल्डिंग आहे काय, हे घासून पाहावे. ओतीव बिडाची पेटी साध्या काडीने वेल्ड केलेली असेल तर तो जोड भाराखाली पुन्हा उकलण्याचा संभव असतो.

३. एंजिनाच्या तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

४. एंजिन चालू होत असल्यास धूर पाहावा. तापलेल्या एंजिनातून निळसर धूर सतत येत असेल तर तेल जळत आहे. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत शिरते.

५. सुट्या भागांची चौकशी आधी करावी. ज्या यंत्राचे भाग मिळत नाहीत ते फुकट मिळाले तरी महाग पडते.

उघडणे, साफ करणे व चालू करणे

कामाची जागा कोरडी, सपाट व हवेशीर असावी. बंद खोलीत एंजिन चालवू नये. त्याचा धूर विषारी असतो. ट्रॅक्टर नुसत्या जॅकवर उचलून कोणीही त्याखाली जाऊ नये. उचलल्यावर जाड लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यावा आणि जमिनीवरील चाकांना पुढून व मागून अडसर लावावेत. उघडलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा आणि नट-बोल्ट ज्या जागेचे त्या जागेच्या डब्यात ठेवावेत.

फार दिवस पडून राहिलेले एंजिन पुष्कळदा जाम झालेले असते. त्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून जबरदस्तीने फिरविण्याचा प्रयत्न करू नये. त्याने पिस्टन, दट्ट्यादांडी किंवा रिंगा मोडतात. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे डिझेल व एंजिन तेल यांचे मिश्रण सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. नंतर गतिचक्र हाताने पुढेमागे हळूहळू हलवावे. एंजिन मोकळे झाल्यावर इंजेक्टर बसविण्याच्या आधीच ते अनेक फेरे फिरवून आतील मिश्रण बाहेर काढून टाकावे. द्रव दाबला जात नाही. तो सिलिंडरात राहिला आणि एंजिन चालू केले तर दट्ट्यादांडी वाकते.

यानंतर एंजिनाचे तेल, तेलाचा फिल्टर व डिझेलचा फिल्टर बदलावा, टाकी धुवावी, हवेची गाळणी स्वच्छ करावी, रेडिएटर व त्याच्या नळ्या तपासाव्यात आणि डिझेलच्या नळीतील हवा काढून टाकावी. इंजेक्टरमधून डिझेल उडते की नाही हे पाहण्यासाठी त्यापुढे हात कधीही धरू नये. तो फवारा इतक्या दाबाचा असतो की डिझेल कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. फवारा पाहणे असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.

प्रथम चालू करताना एक सपाट, जाड फळी जवळ ठेवावी. डिझेल एंजिन कधी कधी गव्हर्नर अडकल्यामुळे किंवा स्वतःचेच तेल ओढू लागल्यामुळे बेफाम धावू लागते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवा आत जाण्याचे तोंड फळीने झाकल्यास ते थांबते. तेथे हात लावू नये.

क्लच व ब्रेक यांच्या जुन्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यावरील धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून काढावी. काढलेले जुने तेल विहिरीजवळ, नाल्यात वा शेतात ओतू नये, डब्यात साठवून तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

एंजिन चालू झाले म्हणजे यंत्र तयार झाले, असे मानण्याची चूक सर्रास होते. ब्रेक दोन्ही चाकांवर सारखे लागतात काय, स्टिअरिंगमध्ये ढिलाई किती आहे, पुढील चाकांचे बेअरिंग वाजते काय व टायरांना चिरा आहेत काय, हे पाहून झाल्याशिवाय यंत्र शेतात नेऊ नये.

वेगाचे गणित

फेरफार करताना सर्वांत मोठी चूक पुलीच्या मापात होते. नियम सोपा आहे. चालविणाऱ्या पुलीचा व्यास व तिचे दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार हा चालणाऱ्या पुलीचा व्यास व तिचे फेरे यांच्या गुणाकाराइतका असतो.

समजा, एंजिन दर मिनिटास १,५०० फेरे फिरते आणि त्यावर २० सेंटिमीटरची पुली आहे. पऱ्हाटी कापण्याचे पाते ५०० फेऱ्यांनी फिरवावयाचे आहे. तर पात्याच्या शाफ्टवर ६० सेंटिमीटरची पुली हवी. पण भंगारात ३० सेंटिमीटरची मिळाली म्हणून तीच बसविली, तर पाते ५०० ऐवजी १,००० फेऱ्यांनी फिरू लागेल.

वेग दुप्पट झाला म्हणजे ताणही दुप्पट झाला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट होतो. एक किलो वजनाच्या पात्याचा भारमध्य शाफ्टच्या मध्यापासून अर्धा मीटर दूर असेल, तर ५०० फेऱ्यांस ते आपल्या बोल्टला सुमारे १४० किलो वजनाच्या जोराने ओढते. १,००० फेऱ्यांस तोच जोर सुमारे ५६० किलोचा होतो. म्हणजे एका बोल्टला साडेपाच क्विंटलांहून अधिक भार टांगल्यासारखे होते. अशा वेळी पाते सुटले तर ते सेकंदाला सुमारे ५२ मीटर, म्हणजेच ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाने निघते. ते येताना पाहून बाजूला होण्यास माणसास सवड मिळत नाही.

यास्तव पुली बसविण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडावे. वेग मोजण्याचे फेरमापक अलीकडे अल्प किमतीत मिळते. ते वापरून प्रत्यक्ष वेग तपासावा. एंजिनाच्या गव्हर्नरचे मोहोर तोडून कमाल वेग वाढविण्याचा फेरफार तर मुळीच करू नये.

धातू, वेल्डिंग आणि बोल्ट

गाडीच्या कमानपाट्याचे पाते करून ते आसास वेल्ड करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. कमानपाटा कठीण असतो, म्हणून तो मजबूत वाटतो. परंतु वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि हादऱ्याने तेथे केसासारखी भेग पडते. ती भेग दिवसेंदिवस वाढते व एके दिवशी पाते अकस्मात तुटते. म्हणून फिरणारे पाते वेल्ड करू नये, वेल्ड केलेले जुने पाते पुन्हा वापरू नये. पाते बोल्टने जोडावे. समोरासमोरची पाती एकाच वजनाची असावीत. ती काट्यावर तोलून घ्यावीत. वजनात फरक राहिला की सारे यंत्र हादरते आणि बेअरिंग व बोल्ट दोन्ही लवकर निकामी होतात.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ते त्याच्या ताकदीचे निदर्शक होत. बिनआकड्याचा बोल्ट पात्यास लावू नये. उलटपक्षी, काही अवजारांत अडथळा आल्यास आपण होऊन तुटावा म्हणून मुद्दाम मऊ बोल्ट घातलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्या जागी कठीण बोल्ट घालू नये. तसे केल्यास बोल्ट वाचेल आणि गिअर किंवा शाफ्ट मोडेल.

अवजार कोठे जोडावे

अवजार किंवा साखळी नेमून दिलेल्या ओढपट्टीलाच जोडावी. ती मागील आसाच्या वर, आसनाखाली किंवा आसाच्या नळीला बांधल्यास भार अडकताच ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो चालकासह मागे उलटतो. हे इतक्या झटपट घडते की क्लच दाबण्यासही वेळ उरत नाही. चाकांतील अंतर कपाशीच्या ओळींनुसार बदलावयाचे असल्यास कारखान्याने दिलेल्या छिद्रांचा व चाक उलटे बसविण्याच्या सोयीचा उपयोग करावा. घरी कापलेल्या जाड चकत्या घालून चाक बाहेर काढल्यास बोल्ट व बेअरिंगवर नको इतका भार येतो. शक्य असेल तेथे चालकामागे उलटण्यापासून बचाव करणारी भक्कम चौकट बसवून घ्यावी. ती त्या यंत्रासाठी तयार केलेलीच असावी.

झाकण आणि पोशाख

ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्टचा प्रचलित वेग दर मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे असतो. हा शाफ्ट सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा घेर ११ सेंटिमीटर धरला तर तो एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळून घेतो. धोतराचा सोगा, गळ्यातील दुपट्टा, लुगड्याचा पदर किंवा मोकळी वेणी त्यात सापडली तर ओढून घेण्याइतका अवधीही मिळत नाही. म्हणून पी.टी.ओ. शाफ्ट, पट्टे व पुल्या यांवर पत्र्याचे किंवा जाळीचे झाकण असल्याखेरीज यंत्र चालवू नये. दुरुस्तीसाठी काढलेले झाकण त्याच दिवशी पुन्हा बसवावे.

मळणीयंत्रांमुळे हातपाय गमावण्याचे प्रकार घडू लागल्यावर संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. कायद्याची गरज पडावी इतकी ही बाब गंभीर आहे, हे प्रत्येक यंत्रधारकाने ध्यानात धरावे.

पहिली चाचणी

नवे वा फेरफार केलेले यंत्र कारखान्यातही एकदम पूर्ण वेगाने चालवीत नाहीत. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची ठरलेल्या पद्धतीने चाचणी होते. घरच्या यंत्रासही आपल्या परीने असाच क्रम लावावा.

प्रथम एंजिन बंद ठेवून सर्व फिरते भाग हाताने दहा-वीस फेरे फिरवावेत. कोठे घासते किंवा अडते काय हे पाहावे. नंतर सर्वांत कमी वेगावर पाच मिनिटे चालवून एंजिन बंद करावे. पाते पूर्ण थांबल्यावर प्रत्येक नट पान्याने तपासावा आणि बेअरिंग तापले काय हे पाहावे. मग थोडा वेग वाढवून पुन्हा तसेच करावे. हादरा जाणवला तर वेग वाढवू नये, कारण शोधावे.

पाते ज्या पातळीत फिरते त्या पातळीत चाचणीच्या वेळी कोणीही उभे राहू नये. तुटलेले पाते त्याच दिशेने जाते. यंत्राच्या त्या बाजूंस मातीने भरलेली पोती रचावीत. एंजिन बंद करण्याच्या खटक्यास लांब दोरी बांधावी आणि चालकाने पोत्यांआड राहून ती हाती धरावी. डोक्यावर शिरस्त्राण व डोळ्यांवर चष्मा असावा. चाचणी दिवसा उजेडी करावी आणि एक जाणता माणूस सोबत असावा. गावात नवे यंत्र चालू होत आहे म्हटल्यावर मुले व बघे गोळा होतात. त्यांना दूर केल्याशिवाय एंजिन चालू करू नये.

नियम आणि सल्ला

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही. एंजिन बदलावयाचे झाल्यास नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय बदललेले यंत्र रस्त्यावर आणल्यास दंड होतोच, शिवाय अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यातही अडचण येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात कोण असे काम करीत आहे याची माहिती ठेवावी. त्यांस हिणवू नये किंवा नुसती मनाई करून थांबू नये. मनाई केल्याने काम थांबत नाही, ते रात्री व एकट्याने होऊ लागते. अशा कारागिरास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांशी, कृषि विज्ञान केंद्राशी किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठातील कृषि अभियांत्रिकीच्या तज्ज्ञांशी गाठ घालून द्यावी. पुलीचे गणित, बोल्टचा दर्जा व वेल्डिंगची मर्यादा या तीन गोष्टी जाणत्या माणसाकडून एकदा समजून घेतल्या, तर कारागिराचे कौशल्य दुप्पट उपयोगी पडते.

फुलसावंगीसारख्या गावांत भंगारातून यंत्र उभे करणारे हात आहेत. अशा हातांची शेतीला गरज आहे आणि त्यांच्या घरच्यांनाही ती आहे. म्हणून यंत्र पुरे झाले असे वाटेल त्या दिवशी ते चालू न करता एक दिवस थांबावे आणि पुढील पाच प्रश्न स्वतःस विचारावेत : वेग मोजला काय? पाती तोलली काय? बोल्ट तपासले काय? झाकण बसविले काय? माणसे दूर केली काय? पाचही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आल्यावरच एंजिन चालू करावे.